कापराचं भांडण

कौतिक,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारातली माणसं आली, चाळीतली आली, तुझ्या माहेरची आली. एकेक जण उभा राहून तुझ्याबद्दल बोलला. शांत होती म्हणे. सोशीक होती. नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. ते कुणाच्या बायकोबद्दल बोलत होते कोण जाणे. तू शांत होतीस ती फक्त झोपेत, आणि तेव्हाही दात खायचीस.

मलाही बोला म्हणाले. मी उठलो नाही. चार माणसांत उभं राहून सांगावं असं माझ्याकडं काही नव्हतं. माझ्याकडं एक भांडण आहे. कापराचं. लग्न झाल्यापासून चाललेलं आणि तू अर्ध्यात टाकून गेलेलं. ते इथं लिहून ठेवतो. भांडणाला दोन माणसं लागतात, पण तुझी बाजू मला माझ्या बाजूपेक्षा जास्त पाठ आहे.

साठ सालानंतर आपण सुरतेला आलो. लिंबायत तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. बाभळी, शेतं, आणि मधेच पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. त्यातली शेवटची खोली आपली. मागं गटार, बाजूला कापड कारखान्याच्या रंगखात्याचं पाणी जायची चारी. त्या पाण्याचा रंग रोज वेगळा आणि वास रोज तोच, नाक जाळणारा. तू उंबऱ्यातून पाऊल आत टाकलंस आणि पदर नाकाला लावलास. मी म्हटलं, हा महाल नाही. तू म्हणालीस, महाल कोण मागतं, पण नाक तर माझं आहे ना.

तिथून तू कामाला लागलीस. बाकीच्या बाया भांडी लावतात, फळी लावतात. तू घराचा वास लावायला घेतलास. पाण्याच्या नळाशेजारी फुटक्या डब्यात गवती चहा लावलास. इथले लोक त्याला लीली चा म्हणतात. सकाळी घासलेटच्या स्टोवर आधण चढलं की त्यात ती पात चुरगाळून टाकायचीस, आणि मग घासलेट मागं आणि पात पुढं. मोसंबीची सालं पत्र्यावर वाळवायचीस. शेगडी विझत आली की निखाऱ्यावर ती टाकायचीस. जमीन पुसायच्या पाण्यात निलगिरीच्या तेलाचे थेंब. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी. दाढ दुखली की लवंगेच्या तेलाचा कापूस. पोटात कळ आली की ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचीस, आणि त्या ओव्याचा वास नुसता पोटाला नाही, सगळ्या खोलीला लागायचा. शेजारची भिंतीपलीकडून विचारायची, आज कोणाचं पोट दुखतंय गं?

हे तुला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. अर्धं तुझ्या आईचं आणि अर्धं चौटा बाजारातल्या त्या वसाणेवाल्या काकाचं. जडीबुटी, मसाले, तेलं, अत्तरं असं सगळं त्याच्याकडं. तू गिऱ्हाईक म्हणून जायचीस आणि तासभर भांडून यायचीस. तो गुजरातीत बोलायचा, तू अहिराणीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. तू निघालीस की अत्तराच्या कुपीला पुसलेला कापसाचा बोळा तो तुझ्या हातावर ठेवायचा. ते बोळे तू माझ्या उशीच्या अभ्र्यात घालायचीस.

त्या उशीबद्दल सांगतो. मी कापड विणायच्या सांच्यावरून यायचो, म्हणजे मी यायचो पण सांचा कानातच राहायचा. पाळीभर त्या लूमचा खडखडाट. घरी आलो तरी तू बोललेलं मला ऐकू यायचं नाही, मी ओरडून बोलायचो आणि तुला वाटायचं मी चिडलोय. बहुतेक वेळा चिडलेलोच असायचो. तू उशीत वाळ्याचा बोळा घालायचीस आणि म्हणायचीस, या वासानं आवाज कमी होतो. मी म्हणायचो, वासानं आवाज कसा कमी होईल, डोकं आहे का तुला. तू म्हणायचीस, झोपा. आणि मी झोपायचो. ते कसं व्हायचं ते मला अजून माहीत नाही.

आणि त्या निलगिरीनं माझी केवढी शोभा केली ते आठवतं का? डोकं दुखतं म्हणून तू छोटी बाटली माझ्या खिशात घालून दिली होतीस. त्याच दिवशी सांच्यावरचं तेल कापडाच्या पांढऱ्या ताक्यावर ठिबकलं. ताका तपासणीच्या मेजावर गेला की माझी गच्छंती. मी इकडं तिकडं पाहिलं आणि डागावर तुझी निलगिरी चोळली. डाग गेला, अगदी साफ. मी खूश. पण डाग नुसता पुसून जात नाही, त्याला बरंच चोळावं लागतं, आणि मी निम्मी बाटली ओतली होती. शेठनं ताका उचलला, नाकाशी नेला, पुन्हा नेला. मग सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "अल्या, आ ताको मांदो पड्यो के शुं?" ताका आजारी पडला का म्हणून. त्यानंतर कितीतरी दिवस मला कारखान्यात डाक्टर म्हणायचे. घरी येऊन तुला सांगितलं तर तू पोळपाट बाजूला सारून भिंतीला टेकून हसलीस. मी रागावलो तशी जास्त हसलीस.

पण मी भांडणाबद्दल लिहायला बसलोय.

या सगळ्या वासांना मी कधी नाही म्हटलं नाही. एकालाच म्हटलं. कापूर या घरात येणार नाही. लग्नाच्या वर्षीच दीक्षा घेतली, तेव्हा गावात आपण देव टोपल्यात भरले आणि तापीत सोडले. तुझ्या डोळ्यात तेव्हा पाणी नव्हतं. माझ्या आईच्या होतं, तुझ्या नव्हतं. तू म्हणालीस, दगड होते, गेले. मला तुझा अभिमान वाटला होता, तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. पण घरी आल्यावर तू ट्रंकेच्या तळातून कापराची पुडी काढलीस आणि फळीवर ठेवलीस, मिठाच्या शेजारी. मी ती उचलून उकिरड्यावर टाकली. तिथून सुरू झालं.

माझं म्हणणं तुला माहीत होतं, तरी पुन्हा लिहितो. मी लहान असताना यात्रेच्या दिवशी बाप मला घेऊन देवळाकडं जायचा. देवळात नाही, देवळाकडं. भिंतीच्या बाहेर एक जागा होती, तिथपर्यंत. आत आरती चालायची. घंटा ऐकू यायची, आणि मग कापराचा वास भिंतीवरून बाहेर यायचा. बाप हात जोडून तो वास घ्यायचा. आरतीचं ताट आमच्यापर्यंत कधी आलं नाही. वास येऊ देत होते, कारण वास अडवता येत नव्हता. अडवता आला असता तर तोही अडवला असता. माझा बाप त्या वासाला हात जोडायचा, आणि मी त्याच्याकडं बघायचो, आणि मला त्याची लाज वाटायची. कापूर म्हटलं की मला ती भिंत दिसते.

तुझं म्हणणं असं. तुझी आई पडशाच्या दिवसांत तिळाच्या तेलात कापूर घालून तुझ्या पाठीला चोळायची. पदराच्या गाठीत कायम एक वडी असायची. तिचा हात, तिचा पदर, तिची गोधडी, सगळ्याला तो वास. आणि तू न्हाती-धुती व्हायच्या आत ती गेली. तिचा फोटो नाही. तिची साडी नाही. तुला तिचा आवाजही आठवत नव्हता. वास तेवढा आठवत होता. तू म्हणायचीस, देव मागितले, दिले, पण माझी आई काय देव होती का, तिला कशाला टोपल्यात घालता?

मी म्हणायचो, आईच्या नावाखाली देऊळ घरात येतं. तू म्हणायचीस, तुमच्या नाकात देऊळ आहे, घरात नाही. आणि मग मी ताट सारायचो आणि तू ताट उचलायचीस.

मग शोभाच्या छातीचं झालं. आपली पोर तेव्हा लहान, बोबडं बोलणारी. हिवाळा होता, रंगखात्याचा धूर खाली बसलेला. श्वास घेतला की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. डाक्टरचं औषध चालू होतं. तरी तू चौट्याला गेलीस आणि त्या काकाकडून तीन पुड्या आणल्यास. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि तिसरा कापूर. त्यानं तुला बजावून सांगितलं होतं, पोरीच्या तोंडात नाही, अंगाला नाही, नाकाजवळ तर मुळीच नाही. फडक्यावर एक थेंब, आणि ते फडकं लांब खिडकीला.

मी दुपारी पाळी संपवून आलो. दार उघडलं आणि नाकाला कापूर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय काय बोललो ते लिहीत नाही, तू ऐकलंयस. शेवटी म्हटलं, पुडी बाहेर जाईल नाहीतर मी जाईन.

त्या दिवशी तू ओरडली नाहीस. मी घाबरलो ते त्यामुळंच. तू बुचाची काचेची बाटली घेतलीस. माझ्यासमोर त्यात ओव्याचं फूल टाकलंस, मग पुदिन्याचं, काचेच्या सळ्यांसारखं असतं ते, मग कापूर. बूच लावलंस आणि हलवायला लागलीस. मी बघत राहिलो. तिन्ही कोरडी होती, खडखड वाजत होती. पाण्याचा थेंब कुणी घातला नव्हता. आणि हळूहळू वाजायचं थांबलं, कडा ओल्या झाल्या, आणि बघता बघता बाटलीत नुसतं तेल. स्वच्छ, पाण्यासारखं. मी विणणारा माणूस. ताणा आणि बाणा एक होऊन कापड होतं ते रोज बघत होतो. पण कापड उसवलं तर ताणा वेगळा निघतो, बाणा वेगळा निघतो. याचं तसं नव्हतं.

तू बाटली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "आते यामझारला कापूर तेवढा काढी ल्या आनि फेकी द्या. बाकीनं माले ऱ्हाऊ द्या."

यातला कापूर तेवढा काढा, फेका, बाकीचं मला राहू द्या. मी बाटली उजेडाकडं धरली. काय दिसणार होतं? बाटली तुझ्या हातात परत दिली आणि ओट्यावर जाऊन बसलो. शोभाची छाती मोकळी झाली ती डाक्टरच्या औषधानं, असं मी तेव्हा म्हणालो आणि अजूनही म्हणतो. तू बाटलीनं म्हणायचीस. पण बाटली फळीवर राहिली. मग असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही पण झालं, की वितळलेला कापूर चालेल, पेटवलेला नाही.

तरी तू टोचायची संधी सोडायची नाहीस. भंते आले होते चाळीत, आठवतं? वंदना झाली, मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली. बायांत बसून तू विचारलंस, भंतेजी, उदबत्ती लावताना जी गाथा म्हणता तिचा अर्थ काय? भंते म्हणाले, सुगंधानं वंदन करतो असा आहे. तू मान डोलावलीस. मला वाटलं सुटलो. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणालीस, "बुद्धाले वास चालस. तुम्हले चालत नही. तुम्ही त्याना वरना शेतस का?" बुद्धाच्याही वरचा झालो का म्हणून मला. शोभासुद्धा हसली.

आता जे राहून गेलं ते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कारखान्याला वीज नव्हती म्हणून मी लवकर सुटलो. संध्याकाळ व्हायची होती, दिवा लावायची वेळ नव्हती. दार लोटलेलं होतं. आत तू कोपऱ्यात उभी होतीस. त्या कोपऱ्यात काही नव्हतं. बुद्धाची तसबीर दुसऱ्या भिंतीला. हातात डब्याचं झाकण, आणि झाकणावर कापूर पेटलेला. तुझे डोळे मिटलेले. ओठ हलत होते का नव्हते, हे मी खरंच सांगू शकत नाही. मी किती वेळ उभा होतो तेही नाही. मग म्हटलं, "कुणाला ओवाळतेस?"

तू दचकली नाहीस. डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "डासेसले."

डासांना. आणि झाकण घेऊन खिडकीकडं गेलीस, गटाराच्या बाजूला.

डास होते हे खरं. सुरतेत डास नव्हते असं कधी झालंय? कापरानं डास जातात हेही खरं. मी हसायला पाहिजे होतं, नाहीतर भांडायला पाहिजे होतं. मी पाय धुतले आणि चहा टाक म्हटलं. त्यानंतर तो वास मला दाराबाहेरच अधूनमधून यायचा, मी बाहेरून येताना आधी खोकायचो, आणि आत आलो की नुसता गवती चहाचा वास. ते आपल्यात कधी निघालं नाही.

मला विचारायचं होतं. आईला ओवाळत होतीस की टोपल्यातल्या कुणाला, की खरंच डासांना. आईला असेल तर माझी काही हरकत नव्हती, एवढं मला सांगायचं होतं. देवाला असेल तर मात्र भांडलो असतो, जोरात भांडलो असतो, पण घरातून निघून गेलो नसतो, हेही सांगायचं होतं. या शेवटच्या दुखण्यात मी तुझ्या खाटेशी बसायचो. तुझा हात हातात असायचा. प्रश्न तोंडापर्यंत यायचा आणि मी विचारायचो, पाणी देऊ का? तू मान हलवायचीस. एकदा तू माझ्याकडं बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, विचारा. मी म्हटलं, काय विचारू? तू म्हणालीस, काही नाही, पाणी द्या.

म्हणजे तुला माहीत होतं.

तुला तापीवर नेलं. आपल्या गावावरून येणारं पाणी म्हणून तुला ही नदी आवडायची. सरण रचलं. तुझ्या भावाचा मुलगा गावाहून आलेला, त्यानं पिशवीतून कापराची पुडी काढली. पेट चांगला घेतं म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पण चाळीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आपलं भांडण भिंतीपलीकडं कायम ऐकू गेलेलं.

शोभानं माझा दंड धरून मला बाजूला नेलं. आता तीही म्हातारी व्हायला आली, कौतिक, पण रडली की तशीच दिसते. म्हणाली, "बाबा, माय मला सांगून गेली आहे. माझ्या सरणावर कापूर टाकू देऊ नको. तुझ्या बापाला तो वास सोसत नाही, तो मागं सरकेल. शेवटच्या वेळेला त्याला जवळ उभं राहू दे."

खरं सांगतो, मला राग आला. रडू नंतर आलं, आधी राग. जन्मभर भांडलीस, बाटली नाचवलीस, भंतेंना मधे घातलंस, डासांवर ढकललंस, आणि शेवटी असं हरून जातेस? मला न विचारता? माझ्यासाठी तू तुझ्या आईचा वास सोडून जाणार आणि मी तिथं हात बांधून जवळ उभा राहणार, हे तुला शोभतं का?

मी पोराला म्हटलं, "टाक."

शोभा म्हणाली, "बाबा, पण माय म्हणाली होती..."

मी म्हटलं, "तुझ्या मायचं मी कधी ऐकलंय?"

त्यानं पुडी उघडली. मी म्हटलं, सगळी टाक. जाळ उठला. वारा नदीवरून येत होता, धूर सगळा आमच्याच अंगावर आला. वास तोच होता, भिंतीबाहेरचा. मला तो आवडला नाही. तुला खोटं सांगून काय मिळवू. डोळ्यात गेला, घशात गेला. आजूबाजूची माणसं तोंडाला रुमाल लावून मागं गेली, तुझा भाचाही गेला, शोभा माझी बाही ओढत होती.

मी सरकलो नाही.